कोरडे महिने आणि वीस मेंढ्या

माण, खटाव, आटपाडी, जत आणि सांगोला हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला माणदेशात मात्र पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तर वर्ष बरे गेले असे म्हणतात. या माळावर टिकून राहिलेले जनावर म्हणजे दख्खनी मेंढी. बहुधा काळी, भरड लोकरीची, चालायला काटक आणि २५ ते ३० किलो वजनाची ही मेंढी सोलापुरी, कोल्हापुरी, लोणंद आणि संगमनेरी अशा उपप्रकारांत ओळखली जाते. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाचे नाव लावणारी बाकदार नाकाची उंच मेंढी तिची शेजारीण. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या. त्यांचा मोठा वाटा याच कोरड्या पट्ट्यात आहे.

दिवाळी सरली की माळावरचे गवत पिवळे पडते, आणि पुढचा जून अर्धा होईपर्यंत नवे गवत येत नाही. मेंढीचे वर्ष असे पाच महिने ओले आणि सात महिने कोरडे असते. कोरड्या महिन्यांत चारा कमी पडतो ही समजूत अर्धीच खरी आहे. फेब्रुवारीपर्यंत माळावर काड्या पुष्कळ उभ्या असतात, पण त्यांतला कस गेलेला असतो. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात शेकडा आठ-दहा भाग प्रथिने असतात, तर वाळून उभ्या राहिलेल्या कुसळीत ती तीन-चारवर येतात. मेंढीच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा कुजवतात आणि त्यावर मेंढी जगते. या सूक्ष्मजीवांना स्वतःलाही प्रथिने लागतात. चाऱ्यातले प्रमाण शेकडा सातच्या खाली गेले की त्यांची वाढ खुंटते, काड्या पोटातच रेंगाळतात, पोट भरल्यासारखे राहते आणि मेंढी चरणे कमी करते. डोळ्यांसमोर चारा असताना मेंढी रोडावते, त्याचे कारण हे आहे. पोट तट्ट दिसते म्हणून मालक निश्चिंत असतो आणि तेवढ्यात पाठीवरचे मांस झिजत जाते.

धनगरांनी या अडचणीवर फार पूर्वी उत्तर शोधले होते. चारा मेंढीकडे येत नसेल तर मेंढीने चाऱ्याकडे जायचे. दिवाळीनंतर वाडे हलत, घोड्यांवर बिऱ्हाड लादले जाई आणि कळप घाट उतरून कोकणात किंवा नदीकाठच्या बागायती मुलखात जात. काढणी झालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, रात्रभर पडणाऱ्या लेंडीमुताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि मृगाच्या सुमारास माघारी यायचे. शेतकऱ्याला खत मिळे, मेंढीला चारा मिळे आणि माळालाही विसावा मिळे. ही पद्धत आजही चालू आहे, पण तिच्या वाटा आखडल्या आहेत. गायराने कमी झाली, वनखात्याने चराई रोखली, बागायतदाराकडे रासायनिक खत आले आणि वाड्यावरची मुले शाळेत जाऊ लागली. परिणामी गावात घर आणि दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेला, १५-२० मेंढ्या सांभाळणारा स्थायिक मेंढपाळ वाढला. राज्य सरकारने २०१७मध्ये सुरू केलेली राजे यशवंतराव होळकर महामेष योजनाही २० मेंढ्या आणि १ नर हाच गट धरून आखलेली आहे. मेंढ्या थांबल्या, पण उन्हाळा त्यांच्यासाठी थांबलेला नाही. पूर्वी पायी चालून जी तूट भरून निघे, ती आता साठवण आणि नियोजन यांनी भरून काढावी लागते. पुढचे विवेचन याच लहान मेंढपाळाला समोर ठेवून केले आहे.

उन्हाळ्याची खरी तजवीज नर कळपात केव्हा सोडायचा यापासून सुरू होते. मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो आणि पोटातल्या कोकराची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नर वर्षभर कळपातच राहिला आणि १ जानेवारीच्या सुमारास मेंढी फळली, तर ती मेअखेरीस विते. म्हणजे तिचे सर्वांत भुकेचे सहा आठवडे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत येतात. माळावर काहीच नाही, पाणी लांब आणि ऊन चाळिशीपार, नेमक्या याच दिवसांत. अशी मेंढी एक तर अशक्त कोकरू टाकते किंवा स्वतः जाते. वाचलीच तर तिला दूध उतरत नाही. जून-जुलैत फळलेली मेंढी नोव्हेंबर-डिसेंबरात विते. त्या वेळी शेतात काढणीचे अवशेष असतात आणि कोकराला तीन महिने दूध मिळते. मार्चमध्ये फळलेली ऑगस्टात विते. तिचे शेवटचे आठवडे पावसाच्या पहिल्या हिरवाईत येतात. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत नर वेगळा ठेवणे किंवा त्याच्या पोटाखाली जाड कापड बांधणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. वीस मेंढ्यांच्या गटात वेगळे दावे बांधायला जागा नसते, ही सबब इथे टिकत नाही. कापडाला जागा लागत नाही.

दुसरा उपाय मेंढपाळाच्या हातात, अगदी शब्दशः हातात आहे. लोकरीमुळे मेंढीचे रोडावणे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांना कळते. शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या मणक्यावर तळहात ठेवायचा. मणक्याची टोके सुरीच्या धारेसारखी बोचली आणि आडव्या हाडांखाली बोटे सहज शिरली, तर ती मेंढी पाचपैकी एक गुणाची. टोके जाणवतात पण गोलसर लागतात, ती दोन ते अडीच. दाबल्याशिवाय हाड लागत नाही, ती तीन. दर पंधरवड्याला वीस मेंढ्यांच्या पाठीवर हात फिरवायला अर्धा तास लागतो. फळवण्याच्या वेळी तीनच्या आसपास असलेली मेंढी उन्हाळ्यात दोनपर्यंत उतरली तरी चालते. अंगावरची चरबी हीच तिची साठवण असते आणि ती वापरण्यासाठीच असते. दोनच्या खाली गेलेल्या मेंढीला मात्र त्याच दिवशी वेगळे काढावे लागते.

वेगळे काढणे मेंढपाळाच्या मनाला अवघड जाते. सगळ्या मेंढ्यांना सारखा खुराक देणे त्याला न्यायाचे वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. गटातल्या आठ मेंढ्या गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात, नुकत्याच व्यालेल्या किंवा फारच उतरलेल्या असतील आणि प्रत्येकीला रोज २०० ग्रॅम खुराक ४५ दिवस दिला, तर ७२ किलो लागतो. तेच ७२ किलो वीसही मेंढ्यांत शंभर-शंभर ग्रॅम वाटले, तर ३६ दिवसांत संपतात आणि जिला खरी गरज होती तिला अर्धेच मिळते. खुराक गोठ्यातच तयार करता येतो: मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, शेंगदाणा किंवा सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा किंवा डाळीची चुनी, त्यात शेकडा दोन भाग क्षारमिश्रण आणि एक भाग मीठ. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पेंड घ्यावी, धान्य घेऊ नये. वाळलेल्या चाऱ्यात मुख्य तूट प्रथिनांची असते, आणि थोड्या पेंडीने मेंढी तोच कडबा अधिक खाते व अधिक पचवते.

जुळी देणाऱ्या मेंढीच्या बाबतीत हा मुद्दा आणखी टोकदार होतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. त्या कामाचे मोल मोठे आहे. मात्र पोटात दोन कोकरे असलेल्या मेंढीला शेवटच्या आठवड्यांत पुरेसे मिळाले नाही, तर तिचे शरीर स्वतःचीच चरबी इतक्या वेगाने जाळते की रक्तात विषारी द्रव्ये साचतात. ती कळपामागे रेंगाळते, चारा हुंगून सोडते, तिला नीट दिसेनासे होते, दात खाते आणि अखेर बसते ती उठत नाही. सुरुवातीला ग्लुकोज आणि पशुवैद्याची मदत मिळाली तर ती वाचते. बसल्यावर क्वचितच. जुळ्यांचा गुण घेणाऱ्याने जुळ्यांचा खुराकही घ्यायचा असतो.

वाळलेल्या चाऱ्याची बेगमी ऑक्टोबर ते जानेवारीत होते. माळावरच्या चराईला जोड म्हणून एका मेंढीला रोज ६०० ग्रॅम धरले, तर २० मेंढ्यांना १०० दिवसांसाठी १,२०० किलो लागतात. हा सगळा कडबा असण्याची गरज नाही. भुईमुगाचा पाला, तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट मेंढीला कडब्याहून अधिक मानवते. खळ्यावरून ते गोळा करून पावसापासून वाचवले तर बाजारातून आणायचे कितीतरी कमी होते. कडबा अखंड टाकला तर मेंढी पाने खाऊन ताटे तुडवते, म्हणून कुट्टी करून गव्हाणीत द्यावा. त्याचा कस युरियाच्या प्रक्रियेने वाढतो. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून भरायचा, प्लास्टिकने हवाबंद झाकायचा आणि २१ दिवसांनी उघडायचा. देण्याआधी काही तास उघड्यावर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यायचा. सहा महिन्यांखालील कोकरांना हा चारा द्यायचा नाही. युरियाचे पाणी उघडे राहिले आणि तहानलेली मेंढी ते प्यायली तर तासाभरात दगावते. या बाबतीत निष्काळजीपणा चालत नाही.

झाडपाला हा कोरड्या मुलखाचा उभा हिरवा चारा होय. अंजन, बोर, शेवरी, हादगा, वड, पिंपळ आणि उंबर यांचे डहाळे मेंढी आवडीने खाते. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने शेकडा वीसच्या वर असतात, पण त्यातल्या मिमोसिनमुळे लोकर झडते. एकूण चाऱ्यात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शापेक्षा वाढू देऊ नये. बाभळीच्या पिकून गळलेल्या शेंगा उन्हाळ्यातला मेवाच असतो. वेड्या बाभळीच्या शेंगाही गोड आणि पौष्टिक असतात. त्या भरडून थोड्या द्याव्यात, अखंड बिया लेंडीतून रानभर पसरतात आणि ते झाड एकदा रानात शिरले की निघत नाही. दुष्काळात उसाचे वाढे हाच मुख्य चारा होतो. त्यात ऑक्झलेट असल्याने शरीरातले कॅल्शियम बांधले जाते, म्हणून त्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची रीत योग्य आहे. ट्रेमध्ये मका उगवून हिरवा चारा करण्याचे यंत्र अलीकडे फार विकले जाते. एक किलो मक्यापासून सहा-सात किलो हिरवे मिळते हे खरे, पण वाढलेले वजन पाण्याचे असते. कोरडे वजन मूळ दाण्यापेक्षा किंचित कमीच भरते. लहान मेंढपाळाने त्यात पैसे गुंतवण्यापेक्षा बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावावी.

भुकेल्या कळपाला चाऱ्यातूनच धोके होतात, आणि ते बहुधा एका दिवसात येतात. मळणी झालेल्या खळ्यात कळप घुसला आणि ज्वारी-गव्हाच्या दाण्यांवर तुटून पडला, तर पोटात आम्ल साठते; मेंढी लोळते, हगवण लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरते. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना फुटलेले कोंब आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ते खाल्लेली मेंढी धापा टाकत काही मिनिटांत कोसळते. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची सुई वेळेत मिळाली तरच उपयोग होतो, आणि रानात ती वेळेत मिळणे दुर्मीळ. फुटवे असलेल्या रानात भुकेला कळप सोडूच नये. घाणेरी एरवी मेंढी टाळते. मे महिन्यात मात्र तीच एक हिरवी उरते. ती खाल्ल्यावर यकृत बिघडते, उन्हात चेहरा आणि कान सुजतात, कातडी सोलवटते.

पाण्याचा प्रश्न चाऱ्याइतकाच मोठा आहे. कोरडा चारा खाणाऱ्या मेंढीला उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी लागते, दूध पाजणारीला त्याहून अधिक. पाणी कमी पडले की ती आधी खाणे कमी करते, म्हणून पाण्याची तूट पुष्कळदा चाऱ्याची तूट म्हणून दिसते. दिवसातून दोनदा, सावलीत ठेवलेले पाणी पाजावे. चराई पहाटे ते दहा आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत, मधला वेळ झाडाखाली. कडुनिंबाची दाट सावली पत्र्याच्या शेडपेक्षा शतपटीने बरी. पत्रा असेलच तर त्यावर उसाचे पाचट टाकावे. लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ऐन उन्हाळ्यात कातडीपर्यंत कातरू नये, बोटभर लोकर राहिली तर ती ऊन अडवते. या लोकरीची घोंगडी एके काळी घरोघर होती. आज अनेक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही निघत नाही, हे या मुलखाचे मोठे नुकसान आहे.

क्षारांची उणीव मेंढी स्वतः दाखवते: ती माती, चिंध्या, हाडे, दुसरीच्या अंगावरची लोकर खाऊ लागते. चाटण विटा आणि खडेमीठ गव्हाणीजवळ टांगलेले असावे. गायी-म्हशींसाठीचे क्षारमिश्रण मात्र मेंढीला देऊ नये. त्यातले तांबे तिच्या यकृतात साचते आणि एखाद्या दिवशी अचानक रक्त फुटून लाल लघवी होते. महिनोन्‌महिने हिरवे मिळाले नाही तर अ जीवनसत्त्व संपते. संध्याकाळी वाटेत अडखळणारी, काट्यात शिरणारी मेंढी आंधळी झालेली नसते, तिला हिरवा पाला हवा असतो.

जंतांच्या बाबतीत कोरड्या ऋतूचे वागणे फसवे असते. रक्त पिणारा हिमॉन्कस हा जंत रोज सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. हजार जंत म्हणजे दिवसाला ५० मिलिलिटर, आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात एकूण रक्त दोन लिटरच असते. उन्हाने माळावरच्या अळ्या मरतात, तेव्हा जंत मेंढीच्या जठराच्या आवरणात अर्धवट वाढून पावसाची वाट पाहत पडून राहतात. या दिवसांत सरसकट औषध पाजण्याची पद्धत आहे. तिच्यात एक मोठा धोका आहे. माळावर अळ्याच नसताना सगळ्या मेंढ्यांना औषध पाजले, तर जे जंत औषधाला पुरून उरतात तेवढेच पुढच्या पिढीचे जनक होतात, आणि दोन-चार वर्षांत औषध निकामी होते. दक्षिण आफ्रिकेत या अनुभवातून डोळ्याच्या खालच्या पापणीचा रंग पाहून औषध देण्याची रीत निघाली. पापणी आतून लाल असेल तर औषध नको. फिकट गुलाबी, पांढरट असेल तर लगेच द्यायचे. खुराकाप्रमाणे औषधही निवडून द्यायचे असते. मात्रा मेंढीच्या वजनाप्रमाणे पूर्ण द्यावी, अर्धी देऊ नये.

यकृतातल्या चपट्या कृमींचा धोका तर उन्हाळ्यातच वाढतो. तलाव आटत जातो तसा काठावर ओलसर हिरव्या गवताचा पट्टा उघडा पडतो, आणि सगळ्या शिवारातल्या मेंढ्या तिथेच उतरतात. याच गवतावर गोगलगायींतून निघालेल्या कृमींच्या पुटिका चिकटलेल्या असतात. काही आठवड्यांनी जबड्याखाली पाण्याची सूज येते, मेंढी फिकट पडते. तलावाकाठी पाणी पाजावे, चारू नये. पाणी बाहेर काढून डोणीत पाजता आले तर उत्तम.

साथीचे रोग माणसांच्या वाटेने येतात. उन्हाळ्यात विक्री वाढते, लोणंद, सांगोला, आटपाडीच्या बाजारांत कळप एकत्र होतात आणि न विकलेली मेंढी रोग घेऊन घरी परतते. पीपीआर हा मेंढ्या-शेळ्यांचा साथीचा रोग भारतात प्रथम १९८७मध्ये तामिळनाडूतल्या अरसूर गावच्या मेंढ्यांत आढळला. आता त्याची लस आपल्याच देशात तयार होते आणि एक मात्रा तीन वर्षे तरी टिकते. देवीची लस हिवाळ्यातच टोचावी, कारण रोडावलेल्या कळपात देवी आल्यास कोकरे वाचत नाहीत. बाजारातून आणलेली किंवा परतलेली मेंढी तीन आठवडे वेगळी ठेवावी. आजारी मेंढीसाठी १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते.

चारा पुरणार नाही हे जानेवारीतच कळते. तेव्हा दात तपासावेत. दात पडलेल्या म्हाताऱ्या मेंढीला कडबा चावत नाही, तिला उन्हाळ्यात पोसणे म्हणजे तरुण मेंढीचा घास तिला देणे. अशा मेंढ्या, दोन वेत वांझ गेलेल्या आणि जादा नरकोकरे फेब्रुवारीपूर्वी विकावीत. मेमध्ये तीच मेंढी हाडे मोजून विकावी लागते. सरकारी चारा छावण्या मुख्यतः गायी-म्हशींसाठी आखल्या गेल्या. मेंढपाळाने त्यांच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त मेंढ्या उन्हाळ्यात मरतात हाही समज तपासायला हवा. मोठा आघात बहुधा पहिल्या पावसाबरोबर येतो. सात महिने झिजलेली मेंढी वळवाच्या थंड पावसात रात्रभर भिजते; आठवड्याभरात कोवळे गवत उगवते आणि ती त्यावर आधाशासारखी तुटून पडते. वाळक्या चाऱ्याला सरावलेल्या आतड्यात जंतू भराभर वाढून विष सोडतात आणि संध्याकाळी धडधाकट दिसलेले जनावर सकाळी ताठ झालेले सापडते. हा आंत्रविषार. त्याच दिवसांत जठरातले जंतही जागे होतात. म्हणून पहिले दोन आठवडे रानात सोडण्याआधी पोटात वाळला चारा घालावा, चराईचा वेळ हळूहळू वाढवावा आणि रात्री पावसात आडोसा द्यावा. आंत्रविषाराची लस मेच्या पहिल्या पंधरवड्यात टोचावी. पूर्वी कधीच टोचली नसेल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, आणि अंगात प्रतिकारशक्ती त्यानंतरच पुरती तयार होते. मृगाचा पाऊस पडल्यावर टोचलेली लस त्या वर्षीच्या पहिल्या हिरव्या गवताला उशिरा पोचते.